व्याख्या पाठ, वाक्य अडते

इंग्रजी व्याकरण म्हटले की आपल्याकडे अजूनही ‘रेन अँड मार्टिन’चे नाव पुढे येते. पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पुस्तक १९३०च्या दशकात हिंदुस्थानातील शाळांसाठी लिहिले गेले. यातील रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते. ‘ब्यू जेस्ट’ (१९२४) या कादंबरीचे लेखकही तेच. सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने हे पुस्तक आजही विकले जाते. नेटकी मांडणी आणि भरपूर स्वाध्याय हे त्याचे गुण वादातीत आहेत. पण विज्ञानाच्या तासाला आपण व्याख्येला जी कसोटी लावतो, ती इथे लावली तर काय दिसते?

पुस्तक सुरुवातीलाच वाक्याचे दोन भाग करते. ज्याविषयी आपण बोलतो ते उद्देश्य आणि त्याविषयी जे सांगतो ते विधेय. ऐकायला सोपे आहे. आता ‘इट इज रेनिंग’ हे वाक्य घ्या. इथे ‘इट’ म्हणजे कोण? पावसाविषयी बोलतो म्हणावे, तर पाऊस क्रियापदात जाऊन बसला आहे! ‘धिस बुक आय हॅव नॉट रेड’ या वाक्यात आपण बोलतो पुस्तकाविषयी, पण उद्देश्य आहे ‘आय’. पुस्तक पुढे ‘इट’च्या या वापराची वेगळी नोंद करते, पण मूळ व्याख्या तशीच राहते. चौकस विद्यार्थी इथे अडला तर दोष त्याचा नव्हे.

मग उद्देश्य ओळखायचे कसे? अर्थावरून नव्हे, शब्दांच्या वागणुकीवरून. वाक्याचा ‘हो-नाही’ उत्तराचा प्रश्न करा. साहाय्यकारी क्रियापद ज्याच्यावरून उडी मारून पुढे येते, ते उद्देश्य. ‘इज इट रेनिंग?’ उडी ‘इट’वरून आहे. ‘हॅव आय रेड धिस बुक?’ इथे ती ‘आय’वरून आहे.

हीच कसोटी आणखी एक गोष्ट उघड करते. ‘द बॉय हू इज प्लेइंग इज माय ब्रदर’ या वाक्यात ‘इज’ दोनदा आले आहे. प्रश्न करताना कोणते पुढे आणायचे? पहिले आणले तर ‘इज द बॉय हू प्लेइंग इज माय ब्रदर?’ असे विचित्र वाक्य होते. दुसरे आणले की प्रश्न बिनचूक होतो: ‘इज द बॉय हू इज प्लेइंग माय ब्रदर?’ म्हणजे ‘द बॉय हू इज प्लेइंग’ हा सगळा गट मिळून उद्देश्य आहे. त्याच्या जागी नुसते ‘ही’ ठेवले तरी चालते. वाक्य ही मण्यांची माळ नसून डबीत डबी अशी रचना आहे. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी अशाच प्रश्नवाक्यांकडे लक्ष वेधले होते. व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला मात्र ही रचना कधी दिसतच नाही.

मराठीत अशी उडी नाही. ‘तू उशिरा आलास’ याचा प्रश्न करताना ‘का’ घातले की झाले. म्हणून आपला विद्यार्थी ‘व्हाय यू आर लेट?’ असे लिहितो. तो मराठीचा नियम इमानाने पाळत असतो, आणि आपण त्यावर लाल रेघ ओढून मोकळे होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. घरात इंग्रजीचा गंध नसलेल्या मुलाला ही लाल रेघ ‘तुला जमणार नाही’ एवढेच सांगते.

पुस्तक फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. त्यातलीच दहा वाक्ये फळ्यावर लिहावीत, त्यांचे प्रश्न करून दाखवावेत आणि नियम मुलांना शोधू द्यावा. मग तो मोडणारे वाक्यही त्यांनाच शोधू द्यावे. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेतही हा प्रयोग करता येतो. त्याला खडू आणि फळा पुरतो.