‘अनावश्यक’ हा शब्द प्रबंधात लिहिण्याआधी

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. डेबियनच्या कंटेनरमधलं एकेक पॅकेज घ्यायचं, मला हव्या असलेल्या प्रोग्रामपैकी कोणी त्यातली एखादी लायब्ररी लिंक करतो का ते बघायचं, आणि करत नसेल तर त्या पॅकेजवर ‘अनावश्यक’ असा शिक्का मारायचा. यादी चांगली लांबलचक निघाली. मी खूश. ती पॅकेजेस वगळून कंटेनर नव्याने बांधला आणि ग्रुप मीटिंगच्या आदल्या रात्री गिट क्लोन चालवलं, तर सर्टिफिकेट पडताळता येत नाही म्हणून ते बंद पडलं.

कारण साधं होतं. वगळलेल्यांत ‘सीए-सर्टिफिकेट्स’ नावाचं पॅकेज होतं. त्यात लिंक करण्यासारखी लायब्ररीच नाही. आहेत त्या विश्वासार्ह सर्टिफिकेट्सच्या फायली, आणि एचटीटीपीएसवरून काही आणायचं तर गिटला त्या वाचाव्या लागतात. दुसऱ्या दिवशी गाईड म्हणाले, “स्क्रिप्ट बरोबर चालली. तुझी व्याख्या चुकली.”

लिनक्समधल्या अनावश्यक डिपेन्डन्सी हा विषय पहिल्यांदा संशोधनाला उतरणाऱ्याला फार सोपा वाटतो. मोजायला भरपूर डेटा आहे (डेबियन 12 मध्येच 64 हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत), आणि ‘इतके टक्के डिपेन्डन्सी फुकटच्या आहेत’ असं वाक्य गोषवाऱ्यात छान दिसतं. माझी तक्रार त्या वाक्याबद्दलच आहे. ‘फुकटच्या’ म्हणजे कोणासाठी, कशासाठी, आणि ते ठरवलं कसं?

आधी डेबियनची पद्धत समजून घेऊ. पॅकेजची नाती मुख्यतः तीन पातळ्यांवर लिहिली जातात. ‘डिपेन्ड्स’ म्हणजे याच्याशिवाय चालणारच नाही. ‘रेकमेंड्स’ म्हणजे अगदी वेगळी परिस्थिती सोडली तर हे सोबत असायला हवं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असलं तर बरं. 2009 साली आलेल्या डेबियन 5.0 पासून एपीटी ‘रेकमेंड्स’मधली पॅकेजेससुद्धा आपोआप बसवतं. नको असतील तर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ हा पर्याय द्यावा लागतो.

आता दोन उदाहरणं शेजारीशेजारी ठेवा. गिटच्या ‘रेकमेंड्स’मध्ये सीए-सर्टिफिकेट्स आहे. पायथनच्या पिपच्या ‘रेकमेंड्स’मध्ये ‘बिल्ड-इसेन्शियल’ आहे, म्हणजे अख्खा सी कंपायलर आणि त्याचा गोतावळा. पिपने तयार बांधलेलं मॉड्यूल आणलं तर कंपायलरला कोणी हात लावत नाही. पण एखादं मॉड्यूल सोर्समधून बांधायची वेळ आली की त्याच्यावाचून अडतं. दोन्हीकडे लेबल एकच, ‘रेकमेंड्स’. पहिलं काढलंत तर रोजचं काम थांबेल, दुसरं काढलंत तर कित्येकांना महिनोन्‌महिने पत्ताही लागणार नाही. माझ्या मते ही डेबियनच्या पद्धतीतली खरी उणीव आहे. ‘रेकमेंड्स’ या एका शब्दात किमान दोन वेगळे अर्थ कोंबलेत, आणि कोणत्या कामासाठी काय लागतं हे लिहायला त्या ओळीत जागाच नाही. मेंटेनरला ते माहीत असतं, पण मशीनला वाचता येईल असं ते कुठे नोंदलेलं नसतं.

“पण मग ‘डिपेन्ड्स’ तरी खरं असेल ना?” असं तुम्ही म्हणाल. तिथेच 2024 चं एक्सझेड प्रकरण आठवायला हवं.

पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या विकासातल्या आवृत्तीवर एसएसएचचं लॉगिन साधारण अर्ध्या सेकंदाने जास्त वेळ घेतंय असं दिसलं. त्याचा माग काढताना एक्सझेडच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत लपवलेलं मागचं दार सापडलं, आणि 29 मार्च 2024 रोजी त्यांनी ते जाहीर केलं. एक्सझेड हे फायली कॉम्प्रेस करण्याचं साधन. त्याची लायब्ररी लॉगिन सांभाळणाऱ्या एसएसएचडीच्या पोटात शिरली कशी?

साखळी अशी होती. ‘मी तयार आहे’ हा निरोप सिस्टमडीला देता यावा म्हणून डेबियन, फेडोरा वगैरेंनी एसएसएचडीला पॅच लावून लिबसिस्टमडी जोडली होती. लिबसिस्टमडीला जर्नलच्या कॉम्प्रेस केलेल्या नोंदींसाठी एक्सझेडची लिबएलझेडएमए लागत होती. निरोप म्हणजे तरी काय, तर एका सॉकेटवर पाठवायची एवढीशी ओळ. मूळ ओपनएसएसएचमध्ये हा पॅच नव्हता, आणि आर्च लिनक्सवर तोच एसएसएचडी या साखळीशिवाय चालत होता.

इथे जरा थांबून बघा, कारण तुमच्या संशोधनाचा प्रश्न इथेच आहे. साखळीतली प्रत्येक कडी वेगळी तपासली तर दोन्ही खऱ्या ठरतात. एसएसएचडी लिबसिस्टमडीचं फंक्शन खरंच वापरतो, लिबसिस्टमडी लिबएलझेडएमएची फंक्शन्स खरंच वापरते. न वापरलेल्या लायब्ररी गाळणारा लिंकरचा ‘ॲज-नीडेड’ पर्याय इथे काहीच गाळणार नाही. पण अख्खा रस्ता पाहिला तर एसएसएचडीला एक्सझेडची काडीचीही गरज नाही. निरोपाची गरज खरी होती, तिच्यासाठी पत्करलेली डिपेन्डन्सी मात्र अवाजवी होती. या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या नाहीत, तर तुमचं साधन या साखळीला बिनधास्त ‘आवश्यक’ म्हणेल.

मेंटेनरांना मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण ते योग्य नाही. तयार, तपासलेली लायब्ररी वापरावी, तेच काम स्वतः पुन्हा लिहू नये, हा नियम एरवी चांगलाच आहे. चूक अशी की लायब्ररी घेताना तिच्या मागून येणारं वऱ्हाड कोणी मोजलं नाही. नंतर दोन्ही बाजूंनी दुरुस्ती झाली. ओपनएसएसएचने 9.8 मध्ये निरोपाचं काम लिबसिस्टमडीशिवाय स्वतःच करायला घेतलं. सिस्टमडीच्या 256 आवृत्तीत लिबएलझेडएमए गरज पडली तरच, प्रोग्राम चालू असताना, लोड होते. सुरक्षेसाठी हे चांगलं, मोजणाऱ्यासाठी अवघड. एलडीडी चालवलंत तर आता ती लायब्ररी यादीत दिसणारच नाही. यादी आखूड झाली म्हणजे गरज संपली, असं नाही.

उलट्या बाजूचं उदाहरण म्हणून एक अभ्यास बघू, लिनक्सचा नाही, जावाच्या मेव्हनचा. सोटो-व्हालेरो आणि सहकाऱ्यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या त्या कामात 9,639 आर्टिफॅक्ट्स तपासले आणि 75.1 टक्के डिपेन्डन्सी-संबंध ‘फुगलेले’ म्हणजे गरजेपेक्षा जास्तीचे निघाले. काम चांगलं आहे. मुख्य म्हणजे ते पॅकेजच्या नावावर न थांबता बाइटकोडपर्यंत जातं, त्यामुळे वरच्यासारखा ‘कडी खरी, रस्ता खोटा’ हा प्रकार त्यात पकडता येतो. पण हा आकडा पुढे सरकताना काय होतं ते पाहा. लोक म्हणतात, ‘तीन चतुर्थांश कोड फुकटचा’. अभ्यास कोडबद्दल बोलतच नाही, संबंधांबद्दल बोलतो. शिवाय त्यातला मोठा हिस्सा, एकूण संबंधांच्या 57 टक्के, ट्रान्झिटिव्ह आहे. प्रोग्रामरने स्वतः घेतलेल्या थेट पण फुगलेल्या डिपेन्डन्सी एकूण संबंधांच्या फक्त 2.7 टक्के. आणि रिफ्लेक्शनने, म्हणजे चालू प्रोग्रामने नाव घेऊन हाक मारलेला कोड अशा स्थिर विश्लेषणाला सहज निसटतो. माझ्या स्क्रिप्टला सर्टिफिकेट्सच्या फायली निसटल्या, तसाच.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा चार गोष्टी आधी कागदावर मांडा.

एक, कोणतं काम चालू राहिलं पाहिजे ते ठरवा. ‘गिट चालतं’ हे पुरेसं नाही, ‘एचटीटीपीएसवरून क्लोन होतं’ असं लिहा.

दोन, कडी मोजताय की रस्ता? दोन्हीचे आकडे वेगळे द्या.

तीन, तुमच्या साधनाला काय दिसत नाही त्याची यादी करा: डेटा फायली, स्क्रिप्ट्स, चालू असताना लोड होणारे प्लगइन. पीएएमची मॉड्यूल्स हे त्याचं घरचं उदाहरण.

चार, ‘अनावश्यक’ ठरवलेलं खरोखर काढून बघा, आणि पहिल्या मुद्द्यातलं काम पुन्हा चालवा. यादीतली पन्नास पॅकेजेस नुसती मोजण्यापेक्षा पाच काढून बघितलीत तर जास्त शिकाल.

माझ्या प्रबंधात आता ‘अनावश्यक’ हा शब्द एकटा कुठेच येत नाही. त्याच्या मागे दर वेळी ‘अमुक कामासाठी’ असतं. वाक्यं लांबली आणि टक्केवारी खाली आली. पहिल्यांदा ती खाली आली तेव्हा वाईट वाटलं होतं, पण व्हायवात “हे कशावरून?” असं विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे.