चौकटीतला चंद्र

संगणकाच्या पडद्यावर हवामानाचे अ‍ॅप उघडावे, तर तापमान, आर्द्रता, पावसाची शक्यता आणि तळाशी एक इवलासा चंद्र. तो अनेकदा चुकतो. पण कुठे चुकतो हे शोधायला लागले, की भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’ची चौकट केवढ्या बारकाव्याने भरली आहे ते ध्यानात येते.

संकष्टीचीच चौकट घ्या. कधी तिच्यात तिथी असते तृतीया, आणि खाली ‘संकष्ट चतुर्थी’. छपाईची चूक नव्हे ती. दिवसाला नाव मिळते सूर्योदयाच्या तिथीचे. संकष्टीला मात्र चतुर्थी हवी ती चंद्रोदयाच्या क्षणी. तृतीया केव्हा संपली ते शेजारीच तास-मिनिटांत दिलेले असते. इंचभर जागेत दोन उदय नांदतात आणि एकमेकांच्या पायात येत नाहीत, ही मांडणी मला फार आवडते.

अ‍ॅपपाशी बहुधा आठच चित्रे असतात. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला पावणेचार तिथ्या. कृष्ण तृतीया, चतुर्थी आणि पंचमी या तिघींचा चेहरा एकच! प्रत्यक्षात चतुर्थी लागताना चंद्रबिंब सुमारे ९० टक्के उजळलेले असते, आणि संपताना ८३ टक्क्यांवर येते. डोळ्यांना जाणवेल इतका हा उतार आहे.

खरी गंमत गणितात आहे. सोपी अ‍ॅपे एखादी जुनी अमावास्या धरतात आणि पुढे २९.५३ दिवसांची सरासरी मोजत राहतात. आकाशातला चंद्र असा सरळमार्गी नाही. पृथ्वीजवळ आला की धावतो, लांब गेला की रेंगाळतो. त्यामुळे सरासरीने काढलेली पौर्णिमा खऱ्या पौर्णिमेपासून चौदा तासांपर्यंत सरकू शकते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ‘ग्रहलाघव’ हा ग्रहगणिताचा ग्रंथ रचला. त्यात त्यांनी ज्या-कोज्यांची (साइन-कोसाइनची) कटकट टाळून गणित सोपे केले, पण चंद्राची ही मुख्य चाल, त्याचे मंदफल, सोडले नाही. त्या परंपरेत तिथी जास्तीत जास्त ६५ घटका, कमीत कमी ५४ घटका (२४ मिनिटांची एक, म्हणजे दिवसाच्या साठ): बाणवृद्धी, म्हणजे पाचाची वाढ, आणि रसक्षय, म्हणजे सहाची घट. मात्र सूर्याच्या ओढीने चंद्राच्या चालीत आणखीही हेलकावे येतात. ते धरले तर तिथी वीस तासांपर्यंत आखडते आणि जवळजवळ सत्तावीस तासांपर्यंत लांबते. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्र्यांच्या प्रेरणेने १८६५ पासून निघू लागलेले पटवर्धनी पंचांग या आकाशाशी जुळणाऱ्या गणिताच्या बाजूचे. आज चौकटीत तिथीपुढे जो मिनिटाचा आकडा निमूट बसलेला असतो, त्यामागे जुन्या आणि नव्या गणितातला हा सगळा वाद जिरलेला आहे. सरासरीवर चालणारे अ‍ॅप अजून १५२० सालापर्यंतही पोचलेले नाही.

आता कोरीचा कल. अ‍ॅपमधली कोर कंसासारखी उभी असते. दूर उत्तरेच्या देशांत ती पुष्कळदा तशी दिसतही असेल. मुंबई १९ अक्षांशावर. गुढीपाडव्यानंतर दोन-तीन संध्याकाळी पश्चिमेला पाहावे: कोर जवळजवळ आडवी, दोन्ही टोके वर. भाद्रपद-आश्विनात ती तिरपी होते. मराठी बायकांच्या कपाळावरची चंद्रकोर चैत्राची आहे, आणि कलाच्या बाबतीत अ‍ॅपपेक्षा कितीतरी अचूक.

पंचांगाचीही मर्यादा आहे, पण ती प्रामाणिक आहे. चंद्रोदयाची वेळ गावागणिक वेगळी दिलेली असते, कारण नागपूरचा चंद्र मुंबईच्या साधारण वीस-पंचवीस मिनिटे आधी उगवतो. मात्र ही वेळ मोकळ्या क्षितिजाची. बोरिवलीकरांच्या पूर्वेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. चंद्र त्यांवरून डोकावेपर्यंत मोदक निवू लागतात. मुलुंडला तेच डोंगर पाठीशी आणि पूर्वेला ठाण्याची खाडी, म्हणून तिथे दर्शन लवकर. अर्थात समोर एखादा टॉवर आला नसेल तर. अंधेरीत टॉवरांचाच डोंगर.

आणि आषाढ-श्रावणातल्या संकष्टीला ढगांपुढे कुणाचेच काही चालत नाही. तेव्हा छापील वेळ झाली की गच्चीत अर्घ्य देऊन उपास सुटतो. अ‍ॅपमधले चित्र पाहून उपास सोडणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.