बोंबील, बाजार आणि आमची कादंबरी

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. विषय आमच्या पालीचाच: उत्तनला लागून असलेला किनारा, डोलीची जाळी, वलांडीवर सुकणारे बोंबील आणि परदेशी धाडण्यासाठी माल उचलणारा एक व्यापारी. वर्तमानपत्रांतली परीक्षणे बरी आली. खरे परीक्षण मला वाळवणाच्या आवारात ऐकावे लागले. शेजारच्या मावशींनी नातीकडून पुस्तक वाचवून घेतले होते. एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवीत त्या म्हणाल्या, "मास्तर, त्या व्यापाऱ्याला तुम्ही अगदी राक्षस केलात. पण डिझेलला पैसे नव्हते तेव्हा उचल कोणी दिली, ते नाही लिहिलंत." मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने त्याच पुढे म्हणाल्या, "आणि आमच्या मालाचा भाव तो कुणाला विचारून ठरवतो, तेही नाही लिहिलंत."

माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. अर्थशास्त्रात माझा अधिकार काडीचा नाही. पण जागतिकीकरणाच्या बाजूचा आणि विरुद्धचा, असे दोन्ही युक्तिवाद त्या दोन वाक्यांत येऊन गेले आणि माझ्या तीनशे पानांत त्यांतला एकही धड उतरला नव्हता, हे कळायला मॅट्रिक पुरते.

दोष माझ्या एकट्याचा असता तर तो जाहीरपणे सांगण्याचे कारण नव्हते. 1991 साली देशाची आर्थिक दारे उघडली आणि त्यानंतर आपल्या ललित लेखनात 'बाजार' हे एक पात्रच होऊन बसले. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला 2004 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो सर्वस्वी योग्य होता. शिकून बेकार राहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाची कोंडी त्यांनी आतून जाणली आहे. पण त्या वाटेने मागून निघालेल्या आम्हा अनेकांच्या लेखनात बाजार हा वादळासारखा येतो. पात्रांनी उन्मळून पडायचे, एवढेच त्यांच्या हाती. वादळाशी कोणी उधारी करीत नाही. बाजाराशी आमचा मच्छीमार रोज करतो, त्यात कधी फसतो, कधी त्याच पैशावर मुलीला नर्सिंगला पाठवतो.

या बाबतीत तकळी शिवशंकर पिळ्ळे यांची 'चेम्मीन' मला पुन्हा पुन्हा आठवते. 1956 ची ही मल्याळम कादंबरी. शब्दाचा अर्थ कोळंबी. तिच्यातला चेंबनकुंजू होडी आणि जाळी घेण्यासाठी परीकुट्टी या लहान व्यापाऱ्याकडून पैसे घेतो आणि ते फेडीत नाही. बुडतो तो व्यापारी! लोक तिच्यातली प्रेमकथा वाचतात. मला तिच्यातले हे देणेघेणे अधिक मोलाचे वाटते. उसनवारीत माया आणि लबाडी एकाच गाठीत बांधलेल्या असतात, हे त्या लेखकाने ओळखले. केरळच्याच किनाऱ्यावर 1953 पासून नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक बोटींचा प्रकल्प सुरू झाला होता. पुढे ती कोळंबी परकीय चलन मिळवणारा माल झाली. म्हणजे किनाऱ्यावरचे जागतिकीकरण 1991 ची वाट पाहत थांबले नव्हते.

आता आमच्या बोंबलाचेच घ्या. ब्रिटनमध्ये तो 'बॉम्बे डक' या विनोदी नावाने खपे. आकडा फार मोठा नव्हे, वर्षाला सुमारे 13 टन. 1997 च्या सुमारास युरोपीय आयोगाने त्याची आयात थांबवली. कारण मासळी मान्यताप्राप्त गोठवण-कारखान्यातून किंवा डबाबंद होऊन यावी असा नियम होता, आणि बोंबील तर उन्हावाऱ्यात सुकतो. तो खाऊन कोणी आजारी पडल्याचे उदाहरण पुढे आले नव्हते. मग तिकडच्या चाहत्यांनी मोहीम काढली, भारतीय उच्चायुक्तालयाने बोलणी केली आणि नियम वाकला: वाळवण उघड्यावर चालेल, पण माल मान्यताप्राप्त ठिकाणी बांधला गेला पाहिजे. जागतिक व्यापाराचा समर्थक म्हणेल, पाहा, तक्रार केली की दार उघडते. खरे आहे. पण तक्रार केली ती खाणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी. वलांडीखाली उभ्या असलेल्या बाईला त्या बोलण्यात जागा नव्हती, आणि मालाची बांधणी तिच्या अंगणातून उठून दुसऱ्याच्या छपराखाली गेली.

विरोधकांची बाजूही मला अर्धीच वाटते. 1991 च्या धोरणाने परदेशी भागीदारीतल्या जहाजांना खोल समुद्राचे परवाने दिले, त्याविरुद्ध 1994 साली देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला, आणि मुरारी समितीने 1996 मध्ये ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. केवढा मोठा विषय! त्यावर मराठी कादंबरी माझ्या वाचनात नाही. पण ती लिहिणाऱ्याला हेही लिहावे लागेल, की परक्या जहाजांविरुद्ध उठलेल्या याच किनाऱ्याची मासळी परक्या ताटात जातच होती. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लादले तेव्हा आंध्रातले कोळंबी-उत्पादक हवालदिल झाले. दार बंद होणे हेही काही सुख नव्हे, हे त्यांना कोणा पुस्तकाने सांगावे लागले नाही.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. व्यापाऱ्याचे प्रकरण मी पुन्हा लिहायला घेतले. उचलीचा प्रसंग जमला; आता तो माणूस माणसासारखा दिसतो. भावाचा प्रसंग तीनदा लिहून फाडला. मावशींना विचारले, भाव सांगताना तो नेमके काय बोलतो? त्या म्हणाल्या, "बोलत नाही, मास्तर. फोनकडे बघतो."