प्रा. जी. आर. मलकानी यांचे तत्त्वचिंतन : एक मूल्यमापन

प्रास्ताविक :
श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये अमळनेर येथे तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. पुढे 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी' या नावाने ख्याती पावलेल्या या संस्थेशी प्रा. जी. आर. मलकानी यांची प्रदीर्घ कारकीर्द निगडित आहे. संस्थेचे संचालक आणि 'द फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली' या त्रैमासिकाचे संपादक या नात्यांनी त्यांनी खानदेशातील एका गिरणीच्या गावाला तत्त्वचर्चेचे केंद्र बनविले. कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासबिहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती यांसारखे विचारवंत येथे काही काळ कार्यरत होते. प्रस्तुत लेखात मलकानींच्या कार्याचे बलस्थान व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

वैचारिक भूमिका :
'वेदान्तिक एपिस्टेमॉलॉजी' (१९५३) व 'मेटॅफिजिक्स ऑफ अद्वैत वेदान्त' (१९६१) हे त्यांचे महत्त्वाचे ग्रंथ होत. ज्ञेय वस्तूविषयी संशय घेता येतो. परंतु संशय घेणाऱ्या ज्ञात्याचा निषेध करता येत नाही, हे त्यांच्या अद्वैतवादी मांडणीचे मर्म होय. तर्क भ्रमाचे निरसन करतो. अंतिम सत्य मात्र केवळ तर्काने हाती येत नाही, अशी त्यांची धारणा होती.

असे असूनही त्यांनी वादाकडे पाठ फिरविली नाही. 'अज्ञान' (१९३३) हा ग्रंथ त्यांनी दास व मूर्ती यांच्यासमवेत लिहिला. अमेरिकन तत्त्वज्ञ वॉरन स्टाइनक्राउस यांनी कर्मसिद्धान्तावर घेतलेल्या आक्षेपांना त्यांनी १९६५ मध्ये आपल्याच त्रैमासिकातून उत्तर दिले. परंपरेला प्रश्नांसमोर उभे करण्याची ही वृत्ती त्यांचे खरे बलस्थान होय.

मर्यादा :
अंतिम सत्य तर्कापलीकडचे असेल, तर प्रतिपक्षाने ते कोणत्या आधारावर स्वीकारावे, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. दुसरा प्रश्न सामाजिक आहे. साने गुरुजी याच तत्त्वज्ञान मंदिरात आले, पुढे १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी त्यांनी उपोषण केले. आत्मैक्याच्या सिद्धान्तातून समतेचे कर्तव्य निष्पन्न होते काय, हा प्रश्न त्यांच्या कृतीने उभा केला. मलकानींच्या उपरोक्त ग्रंथांचा भर मात्र ज्ञान व सत्ता यांच्या विवेचनावर राहिला. शिवाय हे लेखन इंग्रजीत असल्याने परिसरातील मराठी वाचक त्यापासून दूरच राहिला. मराठीतील तत्त्वचर्चेला पुढे पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या 'परामर्श'ने व्यासपीठ दिले.

समारोप :
मलकानींचा केवळ गौरव करणे म्हणजे त्यांच्याच वादपद्धतीशी प्रतारणा ठरेल. त्यांचे निवडक लेखन मराठीत आणणे आणि वर्गात विद्यार्थ्यांसमवेत त्याचे खंडन-मंडन करणे, हे खानदेशातील प्राध्यापकांचे दायित्व आहे. साक्रीहून अमळनेर दूर नाही. अंतर पडले आहे ते भाषेचे. ते आपणच कमी करू शकतो.