तिसऱ्या मजल्यावरचा पियानो

कलकत्त्यास बदली होऊन आलो तेव्हा बंगाली लिपी गिरवण्यातच पहिले वर्ष गेले. दुसऱ्या वर्षी रवींद्रनाथांचे ‘छेलेबेला’ मुळातून वाचावयास घेतले. बालपणाच्या आठवणींचे हे छोटेखानी पुस्तक 1940 साली, म्हणजे कवीच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाले. भाषा सोपी, मुलांशी बोलावे तशी. परक्या भाषेत चाचपडत वाचणाऱ्याचा एक फायदा असतो : त्याला भरभर पुढे जाता येत नाही, त्यामुळे जाणता वाचक ज्यावरून सहज घसरून जाईल अशा वाक्यापाशी तो अडतो. मी अडलो तो पियानोपाशी.

जोडासाँकोच्या वाड्यात तिसऱ्या मजल्यावरील खोलीत एके दिवशी पियानो आला, आणि त्याच्याबरोबर बहूबाजारातले नवे, रोगण चढवलेले सामानही आले, असे रवींद्रनाथ सांगतात. ते पाहून घरातल्या पोराची छाती कशी फुगली हे सांगताना, ही तर नव्या जमान्याची स्वस्तातली श्रीमंती, अशी कोपरखळीही ते मारतात. लगेच पुढे त्यांच्या गाण्याचा झरा वाहू लागतो. वडील बंधू ज्योतिरिंद्रनाथ पट्ट्यांवरून हात फिरवीत नवनव्या चाली काढीत, आणि धावत्या चालीला शब्दांनी बांधून ठेवण्याचे काम शेजारी बसलेल्या रवीकडे असे.

हाच प्रसंग कवीने पूर्वी एकदा लिहिला होता. 1912 साली ग्रंथरूपाने आलेल्या ‘जीवनस्मृती’मध्ये ज्योतिरिंद्रनाथ उस्तादी गाणी पियानोत टाकून त्यांचे यथेच्छ मंथन करताना दिसतात. शब्द जुळवावयास अक्षयचंद्र चौधुरीही तेथे हजर असतात. ठरलेल्या संथ चालीने चालणारे राग त्या वाद्यावर धावू लागले की त्यांच्यातून अनपेक्षित शक्ती प्रकट होई, असे तेथील विवेचन आहे. दोन्ही उतारे एकाच गोष्टीची साक्ष देतात असे मी प्रथम समजलो. तसे ते नाही. एक्कावन्न वर्षांच्या रवींद्रनाथांच्या लेखी पियानो हे केवळ संगीताचे साधन आहे. ते कोठून आले, केव्हा आले, हे त्यांना सांगावेसे वाटत नाही. एकोणऐंशी वर्षांच्या रवींद्रनाथांना मात्र ते विकत आणलेले, जिन्यावरून वर चढवलेले, रोगणाचा वास असलेले एक जड सामान म्हणून आठवते. पहिल्या ग्रंथात विचार अधिक आहे हे मान्य करूनही, मला दुसऱ्यातील आठवण अधिक खरी वाटते. कलावस्तूच्या जन्मकथेत बाजाराला जागा देणे आत्मचरित्रकाराला सहसा जमत नाही. रवींद्रनाथांना ते जमले, पण वयाच्या अखेरीस.

या सामानाची खरी प्रकृती ठाऊक असल्यावाचून त्या दोन वाक्यांचे मोल कळणार नाही. युरोपातील थंड हवेत मुरलेल्या लाकडाचा हा जिन्नस. त्याच्या पोटात दोनशेहून अधिक तारा. लोखंडी चौकटीच्या पियानोत त्यांचा एकूण ताण कित्येक टनांच्या घरात जातो. अशी अखंड बिडाची चौकट 1825 साली बोस्टनमध्ये पेटंट झाली, परंतु जुन्या लाकडी बांधणीचे पियानो त्यानंतरही बरीच वर्षे वापरात होते. बंगालच्या पावसाळ्यात तारांखालची लाकडी ध्वनिपट्टिका ओल पिऊन फुगते व वर उचलली जाते. तारा ताणल्या जाऊन सूर चढतो, आणि तोही सर्वत्र सारखा नव्हे, मधल्या सप्तकांत अधिक. थंडीतल्या कोरड्या हवेत पट्टिका आकसते, सूर उतरतो आणि कधी लाकूडच तडकते. सांध्यांचा सरस दमटपणाने सुटतो, तारा गंजतात, हातोड्यांवरच्या नमद्यात कसर शिरते. वाळवी आणि उंदीर यांच्याविषयी तर कलकत्त्याच्या कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्याने अधिक काय लिहावे! म्हणून पूर्वेकडे पाठवावयाचे पियानो कारखानदार निराळे बांधू लागले : वरून पातळ पापुद्रा चिकटवण्याऐवजी भरीव लाकूड, आणि सरसावर न विसंबता सांध्यांना स्क्रू.

सुवेझचा कालवा 1869 साली खुला होईपर्यंत हे धूड आफ्रिकेला वळसा घालून येई. शहरात हॅरॉल्डसारख्या इंग्रज वाद्यविक्रेत्यांच्या पेढ्या होत्या, आणि विलायतेस परतणाऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातही पियानो निघत. बदलीच्या गावी त्याला नेणे हे वेगळेच संकट. फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर यांनी 1888 साली मडमांसाठी लिहिलेल्या प्रसिद्ध गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात, थंड हवेच्या ठिकाणी गाडीरस्ता नसेल तर पियानो हमालांकरवी वर न्यावा, अशी तजवीज सांगितली आहे. बदलीच्या हुकमाबरोबर ट्रंका बांधणाऱ्या आपल्यासारख्यांना त्या पानावर हसू येते. हमालांना आले नसावे.

तेव्हा असे वाद्य एकदा घेऊन भागत नसे. वर्षातून किमान दोनदा खुंट्या पिळून ते सुरात आणावे लागे. हा सूर लावणारा माणूस ‘जीवनस्मृती’त नाही आणि ‘छेलेबेला’तही नाही. बहूबाजाराला जागा देणाऱ्या कवीनेही त्याला जागा दिलेली नाही. हा कवीवर ठपका नव्हे. परंतु त्या घरातील संगीताविषयी लिहिताना समीक्षकाने तरी त्याचा विसर पडू देऊ नये, असे मला वाटते.

याचा काव्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ‘वाल्मीकिप्रतिभा’ (1881) आणि ‘कालमृगया’ (1882) या गीतिनाट्यांविषयी बोलताना कोणती चाल विलायती व कोणती देशी, याची वाटणी आपण करतो. मला ती वाटणी अपुरी वाटते. पियानोवर मींड निघत नाही. दोन स्वरांमधली वाट त्याला माहीतच नाही, आणि वाजवलेला स्वर लगेच विरू लागतो. अशा वाद्यावर देशी राग घातला तरी तो रेंगाळू शकत नाही; त्याला पावले टाकीत पुढे जावेच लागते. म्हणजे चाल इथलीच असूनही तिची गती बदलते, आणि त्या गतीला तत्काळ शब्द पुरवणारा कवी छोट्या, चपळ ओळी लिहू लागतो. कथेतील पात्रांना गाण्यातून भांडता, धावता, हाका मारता येते ते या गतीमुळे. उसनवारी चालीची नसून वाद्याच्या स्वभावाची आहे. मात्र तो स्वभाव बेसूर झाला की काहीच उरत नाही, आणि येथे पुन्हा तो अनामिक खुंटी पिळणारा उभा राहतो.

या घराण्यात वाद्याची शिस्त पद्धतशीर शिकलेली व्यक्ती म्हणजे इंदिरादेवी. त्या सत्येंद्रनाथांच्या कन्या. सत्येंद्रनाथ हे पहिले हिंदी आय.सी.एस.; त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात गेली, आणि तुकोबांचे अभंग त्यांनी बंगालीत नेले. घरापासून दूर नेमलेला अधिकारी मुलुखाच्या भाषेचे काय करू शकतो याचे ते उदाहरण आपल्या मंडळींनी ध्यानी ठेवण्याजोगे आहे. इंदिरादेवी पियानो शिकल्या त्या सेंट पॉल कॅथीड्रलच्या ऑर्गनवादकाकडे. पुढे काकांची कितीतरी गाणी त्यांच्या स्वरलिपीमुळे टिकली, आणि त्या गाण्यांत कोणत्या परक्या चाली मिसळल्या आहेत याचा हिशेब त्यांनीच उत्तम मांडला. पियानो शिकलेल्या कानाचा हा उपयोग पियानोच्या प्रतिष्ठेपेक्षा मोलाचा ठरला.

सामान्य गृहस्थाला पियानो परवडला नाही. त्याच्या घरी पेटी आली. 1875 साली कलकत्त्यात द्वारकानाथ घोषांनी स्थापलेल्या द्वारकिन पेढीची भात्याची, जमिनीवर बसून वाजवण्याची पेटी प्रसिद्धीस आली. तिच्या धातूच्या जिभांचा सूर हवेपाण्याला तारांइतका बधत नाही. आपल्याकडे तर पेटी आणि ऑर्गन यांनी संगीत नाटक उचलून धरले. रवींद्रनाथांना मात्र पेटी आवडली नाही, आणि 1940 साली नभोवाणीनेही तिला काही दशकांसाठी दाराबाहेर ठेवले. मींड न निघण्याचा दोष पियानोतही असताना त्याला मात्र आठवणींत मानाची खोली मिळाली. या पक्षपाताचे कारण मला संगीतात सापडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दिवसांत सापडते.

मी राहतो त्या घराच्या मालकांकडे एक जुना उभा पियानो आहे. गेल्या श्रावणात त्याच्या तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनात. सूर लावणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना बोलावले, तर त्यांनी कार्तिकापर्यंत थांबावयास सांगितले; पावसात लावलेला सूर उसना असतो, म्हणाले. कार्तिकात आले, दोन तास खपले, आणि निघताना पिशवीतून एक वही काढून त्यांनी तारीख, पत्ता व बदललेल्या दोन तारांची नोंद केली. वही चाळू का, असे मी विचारले. “चाळा ना, बाबू,” ते म्हणाले. प्रत्येक पानावर रस्त्याचे नाव, घराचा नंबर आणि हिशेब होता. कोणत्या घरात काय वाजवले जाते ते मात्र कोठेही लिहिलेले नव्हते.