जाळीवर जाऊ नका: जुन्या मोटारींची ओळख आणि ‘राष्ट्रीय शैली’चा प्रश्न

जुन्या मोटारींविषयीच्या लेखनात काही विशेषणे ठरलेली असतात. इटालियन मोटार भावनाप्रधान, जर्मन तर्कशुद्ध, इंग्रज खानदानी, फ्रेंच विक्षिप्त आणि अमेरिकन भपकेबाज. विद्यार्थ्यांच्या निबंधांतही हे वर्गीकरण जवळजवळ जसेच्या तसे उतरते. प्रस्तुत पाठात आपण ते तपासून पाहणार आहोत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. मोटारीच्या आकाराला देश असतो हे खरे, पण तो लोकांच्या स्वभावातून येत नाही. कराचे कोष्टक, पत्रा दाबणारे यंत्र आणि पेन्सिल कोणाच्या हाती होती, या गोष्टींतून तो येतो. शिवाय ती पेन्सिल धरणारा पुष्कळदा परदेशीच निघतो.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. इंग्लंडमध्ये १९३४ साली स्थापन झालेल्या विंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या व्याख्येनुसार १९१९ ते १९३० या काळात बनलेली मोटार तेवढी विंटेज. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन विंटेज ठरते. अशा नोंदणीच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. इंग्रजी व्याख्येत १९५५ ची सित्रोएन बसत नाही, भारतीय व्याख्येत १९७० ची फियाटही बसते. आपण भारतीय व्याख्या धरून चालू. तिच्यातले ‘मूळ रूप’ हे शब्द मात्र ध्यानात ठेवावेत. मूळ रूप कोणते होते हेच ज्याला ओळखता येत नाही, तो ते राखणार कसे?

ओळखीची सुरुवात बहुतेक जण मोटारीच्या तोंडापासून, म्हणजे पुढच्या जाळीपासून करतात. जाळी हा सर्वांत ठळक आणि सर्वांत कमी विश्वासाचा पुरावा आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसी या कंपनीने १९५८ च्या अखेरीपासून एकच बॉडी ऑस्टिन, मॉरिस, वुल्झली, रायली आणि एमजी अशा पाच नावांनी विकायला आणली. दारे तीच, टप तोच. जाळी, बोधचिन्हे आणि आतली सजावट तेवढी निराळी. वुल्झलीच्या जाळीवरचे बोधचिन्ह रात्री उजळत असे, एवढाच तिचा थाट. जाळी पाहून ओळखणारा माणूस येथे पाच मोटारी मोजेल. खिडक्यांची रेषा पाहणारा एकच मोजेल, आणि तो बरोबर असेल.

तेव्हा नजर बाजूला न्यावी. पुढच्या चाकापासून दारापर्यंत किती अंतर आहे, मागच्या काचेजवळचा खांब किती जाड आणि किती कललेला आहे, दाराच्या बिजागऱ्या कोठे आहेत, पायफळी आहे की नाही, हे पाहावे. या गोष्टी सहजासहजी बदलता येत नाहीत. टपाकडेही पाहावे. १९३० च्या सुमारास पत्रा दाबून घडवण्याची यंत्रे मोठी झाली होती, तरी संपूर्ण टप एका तुकड्यात दाबता येत नव्हता. म्हणून त्याच्या मधोमध मेणकापडासारखा तुकडा बसवत. जनरल मोटर्सने १९३५ च्या मॉडेलांपासून पूर्ण पोलादी टप आणला. एखाद्या अमेरिकन सेडानच्या टपात तो कापडी तुकडा दिसला, तर तिच्या सालाचा अंदाज तेथेच येतो. गोलसर कोपऱ्यांचेही थोडे तसेच आहे. खोल दाबताना टोकदार कोपऱ्यावर पत्रा फाटतो, म्हणून त्या काळच्या दाबीव बॉड्या फुगीर दिसतात. फॅशन होतीच, पण तिच्या आधी पत्र्याचे म्हणणे होते.

आपल्याकडे लोकांनी शास्त्र न शिकताही अशी ओळख केलेली आहे. मुंबई-पुण्याकडे फियाट ११०० च्या सुरुवातीच्या गोलमटोल रूपाला ‘डुक्कर फियाट’ म्हणत. नाव तोंडावरून पडले असले, तरी जाणकार माणूस तिचे पुढचे दार पाहतो. त्याची बिजागरी मागच्या बाजूला असते, म्हणजे दार उलटे उघडते. पुढे पद्मिनी म्हणून ओळखल्या गेलेल्या ११००-डी मध्ये ते सरळ उघडते.

आता कराकडे वळू, कारण ‘खानदानी इंग्रज’ मोटारीचे बरेचसे रहस्य तेथे आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर लागू झाला. ही अश्वशक्ती इंजिनाच्या खऱ्या ताकदीची नव्हती. सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग घ्यायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचे आणि २.५ ने भागायचे, असे ते कागदी सूत्र होते. दट्ट्याची धाव किती लांब आहे, याची त्यात दखलच नव्हती. पावणेचार इंच व्यासाच्या चार सिलिंडरांची फोर्ड मॉडेल टी या हिशेबाने २२ अश्वशक्तीच्या वर जाई आणि तिच्यावर २३ पौंड कर बसे. इवल्याशा ऑस्टिन सेव्हनवर ८ पौंड. परिणाम असा की इंग्रज अभियंत्यांनी सिलिंडर अरुंद केले आणि धाव लांबवली. इंजिने उंच आणि सडपातळ झाली, त्यांच्यावरचे बॉनेटही तसेच झाले. ताठ मानेचा, अरुंद छातीचा जो इंग्रजी डौल आपण वाखाणतो, त्यात करखात्याचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत असा कर नव्हता आणि पेट्रोल स्वस्त होते, म्हणून तेथे इंजिन आडवे पसरू शकले. फ्रान्समध्येही कर आकाराला वळण लावत होता. ‘टू सीव्ही’ या सित्रोएनचे नावच मुळी कराच्या अश्वशक्तीवरून आलेले आहे.

करावर सगळे खापर फोडून मात्र चालणार नाही. कर सारखा असलेल्या दोन कारखान्यांतून दोन तऱ्हेच्या मोटारी निघतातच. त्यासाठी १९३४ हे एकच साल घेऊन तीन मोटारी शेजारी ठेवून पाहू.

अमेरिकेची क्रायस्लर एअरफ्लो, चेकोस्लोव्हाकियाची टाट्रा ७७ आणि फ्रान्सची सित्रोएन ट्रॅक्सिऑं आव्हाँ. तिघी एकाच प्रश्नाला भिडल्या होत्या: घोडागाडीचा वारसा टाकून मोटारीला मोटारीचे रूप कसे द्यायचे? क्रायस्लरच्या कार्ल ब्रीअर यांनी वाताच्या बोगद्यात प्रतिकृती तपासून नाक गोल केले, इंजिन पुढच्या आसावर सरकवले आणि प्रवाशांना दोन आसांच्या मध्ये बसवले. टाट्राने इंजिन थेट मागे टाकले. हान्स लेडविंका यांच्या या मोटारीमागे पॉल याराय यांचे वायुगतीचे विचार होते, आणि याराय यांचा अनुभव झेपेलिन हवाई जहाजांचा होता. इंजिन मागे गेल्यावर पुढे जाळी लागतच नाही. पाठीवर माशाच्या कल्ल्यासारखी उभी पट्टी मात्र आली. सित्रोएनने तिसरा मार्ग धरला. पुढच्या चाकांना ओढ दिल्यामुळे मागच्या चाकांकडे जाणारा दांडा गेला, वेगळी चासी गेली, जमीन खाली उतरली आणि पायफळीची गरज उरली नाही. आकार त्या मानाने जुन्या वळणाचाच राहिला, फक्त बुटका आणि चाकांवर पसरलेला.

माझ्या मते तिघींत श्रेष्ठ सित्रोएन आहे, कारण तिचे रूप कोठेही आव आणत नाही. एअरफ्लोचे नाक आजही थोडे दिपवते, पण खरेदीदारांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि १९३७ नंतर ती बंद पडली. तिची छाया मात्र दूर पडली. १९३६ ची टोयोटा एए पाहा. ती ‘जपानी’ मोटार एअरफ्लोच्या वळणावर बेतलेली आहे. १९३५ च्या प्यूजो ४०२ मध्येही हाच वारा शिरला आहे. तिचे हेडलाइट जाळीच्या मागे लपवलेले आहेत, त्यामुळे ती अनोळखी गर्दीतही चटकन ओळखू येते. (जाळीवर विसंबू नका म्हटले, त्याला हा एक रास्त अपवाद.)

आता या ‘फ्रेंच’ सित्रोएनची जन्मपत्रिका मांडू. तिचा आकार घडवला फ्लामिनियो बेर्तोनी यांनी. ते इटलीतून आलेले शिल्पकार होते. पोलादी बॉडीचे तंत्र आले फिलाडेल्फियाच्या बड कंपनीकडून. पुढे १९५५ साली ज्या डीएस मोटारीने ‘फ्रेंच विक्षिप्तपणा’ जगभर गाजवला, तिचेही शिल्पकार हेच बेर्तोनी. पॅरिसमध्ये टॅल्बो आणि देलाये यांच्यावर अश्रूच्या थेंबासारख्या बॉड्या चढवणारे ज्युसेप्पे फिगोनी, तेही मूळचे इटलीचे. म्हणजे फ्रेंच शैली मुळात नव्हतीच का? होती. तिला फ्रान्सने गिऱ्हाईक दिले, कारखाना दिला, धाडस करायला पैसे दिले. पण ‘फ्रेंच रक्त’ शोधायला जाल तर हाती इटालियन पासपोर्ट लागेल.

न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९५१ साली आठ मोटारींचे प्रदर्शन भरवले, तेव्हा मोटारीला कलावस्तू म्हणून पाहण्याची पद्धत रूढ व्हायला मोठी मदत झाली. फिगोनींची टॅल्बो त्यात होती आणि पिनिन फारिना यांची चिसिटालिया २०२ ही होती. पण त्याच दालनात लष्करी वळणाची विलीज जीपही उभी होती, याचा विसर पडू नये. तिच्या सपाट पत्र्यांना कोणत्याही देशाचा स्वभाव चिकटवता येत नाही; घाईचे उत्पादन आणि सैन्याची मागणी यांतून ती घडली. संग्रहालयाच्या दिव्याखाली कर, रस्ता आणि यंत्र दिसेनासे होतात, ही त्या पद्धतीची उणीव. जीप मात्र तेथेही आपली उत्पत्ती सांगत राहते.

फारिनांच्याच कार्यशाळेतून राष्ट्रीय शैलीच्या सिद्धान्ताला सर्वांत मोठा धक्का बसतो. वर उल्लेखलेली बीएमसीची पंचनामी बॉडी त्यांचीच. १९५७ ची लान्चिया फ्लामिनिया आणि १९६० ची प्यूजो ४०४ याही त्यांच्याच. आता मॉरिस ऑक्सफर्डचे ते फारिना रूप आणि प्यूजो ४०४ यांची बाजूची छायाचित्रे जवळ ठेवा. तोच सपाट टप, तीच भरपूर काच, मागच्या बाजूला तेच छोटे टेलफिन. एक ‘इंग्रज’, एक ‘फ्रेंच’, हात एकच, तोही तुरिनचा. टेलफिनची कथा आणखी पश्चिमेची. जनरल मोटर्सचे हार्ली अर्ल यांनी लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ते १९४८ च्या कॅडिलॅकवर आणले, आणि दशकभरात त्यांचे पार सुळे झाले. गंमत अशी की खुद्द अर्ल यांची पहिली गाजलेली मोटार, १९२७ ची लासाल, युरोपच्या हिस्पानो-सुइझावर बेतलेली होती. उधारी दोन्ही बाजूंनी चालू होती.

भारतात हा गुंता अधिक दाट होतो. इंदूरचे यशवंतराव होळकर यांनी १९३० च्या दशकात एक ड्यूसेनबर्ग एसजे मागवली. ड्यूसेनबर्ग कंपनी चासी आणि इंजिन विके, बॉडी गिऱ्हाइकाने करून घ्यायची. होळकरांनी ती लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून करून घेतली. अमेरिकन यंत्र, इंग्रज अंग आणि मराठा गिऱ्हाईक. याच होळकरांनी माणिक बाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून उभारून घेतला होता, तेव्हा ही निवड लहरीची नव्हती. नव्या रूपाची पारख असलेल्या माणसाची ती होती. अशा मोटारीचा देश ठरवायचा तर चासीचा क्रमांक एक उत्तर देतो, दाराच्या उंबऱ्यावरची बॉडीकाराची छोटी पट्टी दुसरे, आणि मागणी नोंदवणारे पत्र तिसरे. संस्थानिकांच्या मोटारींवर जेथे नंतर नवी बॉडी चढवली गेली, तेथे ती पट्टी गेली की इतिहासाचा एक साक्षीदारच गेला.

सामान्यांच्या रस्त्यावर तीन मोटारी होत्या. उत्तरपाड्याची अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका, फारिनाच्या आधीची. तिच्या मागच्या मडगार्डावर नीट हात फिरवला तर टेलफिनची बारीक धार लागते, म्हणजे कॅडिलॅकची लाट येथवर पोहोचली होती. कुर्ल्याची फियाट तुरिनची. आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड? नाव इंग्रज ट्रायम्फचे, आकार पुन्हा तुरिनच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांचा.

अँबॅसडर २०१४ पर्यंत निघत राहिली, आणि पांढऱ्या सरकारी रूपात ती ‘भारतीय शैली’चे प्रतीक ठरली. ते प्रतीकत्व वापरातून आले हे मान्य, पण शैली म्हणून तिला भारतीय म्हणणे मला पटत नाही. तिच्या मूळ आकृतीला आपण फारसे छेडलेच नाही. भारतीय हात शोधायचा तर हेराल्डकडे पाहावे. इंग्लंडमध्ये बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी बीएमसीच्या ताब्यात गेल्यामुळे ट्रायम्फला ही मोटार वेगळ्या चासीवर, बोल्टने जोडलेल्या सुट्या भागांतून बनवावी लागली होती. त्या काळात ही पद्धत मागासलेली मानली जाई. पण बॉडी सुट्या भागांची असल्यामुळेच तिच्यात बदल करणे सोपे होते. मूळ हेराल्डला दोनच दारे. मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून आत शिरावे लागे. मद्रासच्या कारखान्याने तिला चार दारे केली, आणि चार दारांची हेराल्ड जगात फक्त भारतात बनली. एखाद्या मेळाव्यात ती दिसली तर जाळीसमोर थांबू नका. बाजूला जाऊन मागच्या दाराची चौकट पाहा, आणि मिकेलोत्तींची रेषा तेथे कशी कापून पुन्हा जोडली आहे ते वहीत काढून घ्या.