शंभर बिंदूंचा अवतार

‘अवतार’ या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ खाली उतरणे. ल्युकासफिल्मचे चिप मॉर्निंगस्टार आणि रँडी फार्मर यांनी १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नावाचा संगणकीय खेळ रचला, तेव्हा खेळणारा ज्या चिमुकल्या बाहुलीच्या रूपाने पडद्यावरच्या नगरीत वावरे, तिला त्यांनी हा शब्द लावला. पुढे माणसाच्या नावाशेजारी दिसणाऱ्या इवल्याशा चित्रालाही अवतार म्हणू लागले. आपल्याकडे त्याला डीपी म्हणतात, आणि त्यात काही कला असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. मला मात्र ती बरीच वर्षे येत आली आहे. मोठ्याने लहान होऊन खाली उतरायचे, तर काय टाकावे आणि काय राखावे हा प्रश्न येतोच. आणि तो कलेचाच प्रश्न आहे.

या कलेच्या बहराचा काळ पाहायचा तर २००० नंतरच्या दशकात, ‘लाइव्हजर्नल’ या १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या रोजनिशीच्या संकेतस्थळाकडे वळावे लागते. तेथील नियम साधा होता. चित्र १०० बिंदू रुंद, १०० बिंदू उंच, आणि वजन ४० किलोबाइटच्या आत. या दहा हजार बिंदूंच्या चौकोनात तेथील हौशी मंडळींनी, आणि त्यांत तरुणीच अधिक होत्या, ‘हॅरी पॉटर’, ‘बफी’ अशा चित्रपटांतील व मालिकांतील दृश्ये घेऊन अगणित अवतार घडवले. साधन बहुधा फोटोशॉपचे. द्रव्यलाभ नाही, चित्र वापरणाऱ्याने कर्त्रीचे नाव सांगावे एवढीच अपेक्षा.

डीव्हीडीवरील चित्रपटाची एक चौकट अमेरिकेत ७२० बाय ४८० बिंदूंची, म्हणजे सुमारे साडेतीन लाख बिंदूंची असे. ती तशीच आकसली तर माणसे मोहरीएवढी होतात. म्हणून पहिले काम कातरण्याचे. नवशिका चेहरा नेमका मध्यभागी बसवतो, पासपोर्टच्या फोटोसारखा. जाणती कर्त्री अर्धा चेहरा सोडून देते. एक डोळा, गालाची कड, आणि उरलेल्या जागेत नुसती भिंत. कधी चेहराही नाही. पेल्याभोवतीची बोटे, मानेवर सुटलेली एक बट. त्या मोकळ्या भिंतीत साऱ्या प्रसंगाची शांतता मावते. या कलेतील सर्वांत मोलाचे कसब मला हेच वाटते, आणि गंमत अशी की त्यासाठी फोटोशॉपच्या शेकडो करामतींपैकी एकच, कात्रीची, पुरते.

रंगाच्या बाबतीत मात्र गुण आणि दोष एकाच घरात नांदतात. काळोखी दृश्ये लहान केली की त्यांचा चिखल होतो. त्यावर तोड अशी : त्याच चित्राचा दुसरा थर वर ठेवून त्याला ‘स्क्रीन’ हा मिश्रणप्रकार द्यायचा, चेहरा उजळतो. मग ‘सॉफ्ट लाइट’ने एखादा पोत चढवायचा, आणि सर्वांवर गर्द निळ्या रंगाचा ‘एक्स्क्लूजन’ थर. या शेवटच्या थराने सावल्या निळसर होतात आणि उजेड पिवळसर, जुन्या पोस्टकार्डासारखा. हे ज्या कोणी प्रथम केले तिला खचितच काही दिसले होते. परंतु त्याची कृती पाककृतीसारखी लिहून वाटली गेली. आणि मग खुनाचा प्रसंग असो वा विवाहाचा, सर्वांवर तीच एक संध्याकाळ उतरू लागली. क्षेमेंद्राने ज्याला औचित्य म्हटले ते येथे लोपले.

त्याहून मोठा अपराध अक्षरांचा. वाचताच येऊ नयेत इतकी बारीक अक्षरे, मुंग्यांच्या रांगेसारखी, चित्रात पेरण्याची रीत पडली. अक्षर वाचण्यासाठी असते. ते निव्वळ नक्षी म्हणून राबवले की अक्षर तर जातेच, नक्षीही लंगडी पडते. उलट एलिझाबेथकालीन इंग्रज सूक्ष्मचित्रकार निकोलस हिलियर्ड याची तळहातात मावणारी व्यक्तिचित्रे पाहावीत. निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत साल आणि त्या माणसाचे वय लिहिलेले. तेही अलंकरणच, पण ते वाचता येते, आणि वाचल्यावर नजर पुन्हा चेहऱ्याकडे वळते.

लाइव्हजर्नलच्या मंडळींतही या अक्षरमोहाला विरोध होताच. तेथे एक संकेत होता : अक्षरे नसलेला अवतार हा कच्चा माल नव्हे, त्यावर दुसऱ्याने आपली कलाकुसर चढवू नये. मूळ दृश्य स्टुडिओचे, तेही न विचारता घेतलेले; तरी कातरण्यावर कर्त्री हक्क सांगते, आणि तो मला मान्य आहे, हे कबूल केले पाहिजे. रिकामी जागा तिने रिकामी ठेवली, तीही तिची कृतीच.

हिलियर्ड आपले पातळ चर्मपत्र खेळण्याच्या पत्त्यावर चिकटवून मग रंगवीत असे. पत्त्यांचा विषय निघाला की गोव्याच्या शेजारच्या सावंतवाडीची आठवण येणारच, कारण तेथे अवतार खरोखरीच पत्त्यांवर उतरले आहेत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पाने, एकूण १२० पाने, सगळी गोल. हातात पसरलेल्या पानांतून खेळणाऱ्याला क्षणात ओळख पटली पाहिजे. म्हणून मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. राजाच्या पानावर अवतार सगळा दिसतो. हलक्या पानांवर नुसती खूण भागवते. १९७० नंतरच्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही मावळती कला राजवाड्यात पुन्हा उभी केली, म्हणून ती आज पाहावयास मिळते.

चिताऱ्याला वर्तुळ आधीपासून ठाऊक होते. चौकोनात काम करणाऱ्यांवर ते मागाहून लादले गेले. २०१७ साली ट्विटरने चौकोनी चित्रे गोल केली, इतरत्रही गोलाचीच चाल पडली, आणि कोपऱ्यांत जपून बसवलेली फुले, वेली, सह्या रातोरात कापल्या गेल्या. फुलांचे मला दुःख नाही. पण अर्धा चेहरा आणि मोकळी भिंत ही रचनाही त्याच वर्तुळात गुदमरली, त्याचे आहे. वर्तुळ सर्वांना मध्याकडे ओढते. पासपोर्टचा फोटो पुन्हा परतून आला.

गेल्या पावसाळ्यात गिम्प या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर मी स्वतः हा उद्योग करून पाहिला. आईचा जुना कृष्णधवल फोटो, अंगणात बसलेली दहाबारा माणसे. तिचा चेहरा कातरला, उजळला, कडेने जाईची वेल काढली, खाली नाव लिहिले. मोठ्या पडद्यावर सुंदर दिसले. शंभर बिंदूंवर उतरताच जाईची भिंतीवरची ओल झाली आणि नावाचा डाग. एकेक थर पुसत गेलो. शेवटी उरला तो एका कडेला चेहरा, आणि त्याच्याशी आलेला, खांद्यावर टेकलेला कुणाचा तरी हात. तो कातरता आला असता. मी राहू दिला. वर्तुळात तो मनगटाशी कापला जातो.

चित्र फोनवर पाहून मावशीने विचारले, ‘‘हा हात कुणाचा रे?’’ मी मूळ फोटो काढून दाखवला. हात तिचाच होता.